नवे धान : आदिवासींचे सुगीचे सण आणि त्यांची शिकवण

(हीरक महोत्सवी वर्षात विद्यार्थी व पालकांसमोर दिलेले व्याख्यान)



भिलाईचे नाव जगाला पोलादामुळे ठाऊक झाले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि दुर्ग जिल्ह्यातील धानाच्या बांधांवर एक नगर आकाराला आले. या नगराच्या नकाशावर सेक्टरांचे आकडे आहेत, तशी काही जुनी नावेही आहेत : रिसाली, मरोदा, रुआबांधा, नेवई, कोहका. ही नावे मुळात खेड्यांची. भट्टी पेटण्यापूर्वी पिढ्यान्‌पिढ्या तेथे धान पिकत होते.

पौष पौर्णिमेच्या सकाळी ही जुनी खेडी नगराच्या दाराशी येऊन उभी राहतात. खांद्याला पिशव्या अडकवलेल्या मुलामुलींची टोळकी घरोघर फिरतात आणि ‘छेरछेरा’ अशी हाक देतात. त्यांना हवे असते ओंजळभर धान. खेड्यातल्या घरी त्या दिवशी घरधनीण सुपात धान घेऊन तयार असते. क्वार्टरमध्ये मात्र धान नसते. असतो पिशवीबंद तांदूळ. कोणी मूठभर तांदूळ घालते, कोणी नाणे देते, कोणी बिस्किटाचा पुडा पुढे करते आणि कोणी ‘सुटे नाहीत’ असे सांगून दार लावून घेते.

दार लावणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. ही मुले भीक मागत आहेत, असा त्याचा समज झालेला असतो. हा समज चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे, हे समजून घ्यायचे, तर या भूमीवरील आदिवासी समाजांचे सुगीचे सण पाहावे लागतील. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार छत्तीसगडच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण ३०.६ टक्के आहे. गोंड, हलबा, मुरिया, माडिया, भतरा, कंवर, उरांव, बैगा, बिंझवार अशा अनेक जमाती येथे नांदतात. भिलाईच्या भट्टीत वितळणारे लोहखनिज ज्या दल्ली-राजहराच्या डोंगरांतून येते, तो परिसरही गोंड आणि हलबा समाजांच्या वस्तीचा. म्हणजे या नगराचे धान आणि या नगराचे लोखंड, दोहोंच्या मुळाशी तीच माती आणि तीच माणसे आहेत.

सुगीचा सण म्हटला की शहरातील माणसाच्या डोळ्यांसमोर एक दिवस येतो : पीक घरात आले, आनंद झाला, लोक नाचले. आदिवासी समाजांत सुगी हा एक दिवस नसून ती वर्षभराची साखळी आहे. तिची पहिली कडी पेरणीनंतरच्या हरेलीची. बस्तरमध्ये हिलाच अमुस तिहार म्हणतात. तिहार म्हणजे सण. या दिवशी नांगर, कुदळ, विळा, फावडे अशी सारी अवजारे धुऊन पुसून पूजली जातात. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो आणि मराठी पंचांगात तो अमावास्येला संपतो. त्यामुळे तेथील श्रावण अमावास्या ही मराठी पंचांगातील आषाढ अमावास्या ठरते. ज्या दिवशी मराठी घरांत दिवे घासून त्यांची पूजा होते, त्याच दिवशी छत्तीसगडमध्ये नांगराची पूजा होते. पुढच्या अमावास्येला दोन्हीकडे बैल सजतात; येथे त्याला पोरा म्हणतात, तेथे पोळा. १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजेच्या दिवशी यंत्राला हार घालणाऱ्या भिलाईच्या कामगाराला हरेलीचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या लोखंडावर पोट चालते, त्यापुढे वर्षातून एकदा हात जोडायचे, एवढाच तो अर्थ.

साखळीची दुसरी कडी म्हणजे नवाखाई किंवा नवाखानी. नवे खाणे, असा तिचा सरळ अर्थ. बस्तरच्या बऱ्याच भागांत ती भाद्रपदाच्या शुक्ल पक्षात होते. अन्यत्र गोंडांच्या काही कुळांत ती दसऱ्याच्या सुमारास होते. तिथी गावागणिक आणि कुळागणिक बदलते. नियम मात्र बदलत नाही. शेतात नवे धान आले, तरी ते कुलदेवतेला आणि पूर्वजांना अर्पण केल्यावाचून कोणी तोंडात घालायचे नाही. त्या दिवशी लवकर पिकलेल्या धानाच्या लोंब्या घरी आणतात. ते धान भाजून, कुटून त्याचे पोहे करतात, किंवा नवे तांदूळ शिजवतात. गोंड घरांत बूढादेवाला आणि पितरांना त्याचा पहिला घास ठेवतात. मग घरातील वडीलधारी मंडळी पानांच्या दोन्यांतून तो प्रसाद सर्वांना देतात. कामासाठी दूर गेलेली मुले त्या दिवसासाठी घरी परततात. धाकटे थोरांच्या पाया पडतात, एकमेकांना जोहार करतात.

येथे थोडे थांबून एका गोष्टीचा विचार केला पाहिजे. भाद्रपद हा कोणता महिना? गेल्या वर्षीचे धान कोठीच्या तळाशी गेलेले असते. नवे धान शेतात उभे असते, पण मुख्य पीक घरात यायला अजून बराच अवकाश असतो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी वर्षातील सर्वांत ओढगस्तीचे हे दिवस. आणि नेमक्या याच दिवसांत, समोर लोंबी डुलत असताना, हा नियम सांगतो : अजून नाही. पोट भरलेल्या माणसाने पाळलेला संयम हा सोपा संयम असतो. नवाखाईचा संयम भुकेच्या तोंडावरचा आहे. म्हणूनच तो एकट्याच्या मनोबलावर न सोडता साऱ्या गावाने मिळून पाळायचा ठेवला आहे.

हाच नियम रानालाही लागू आहे. गोंडी भाषेत सणाला पंडुम म्हणतात आणि आंब्याला मरका. मरका पंडुम झाल्याशिवाय बस्तरमधील गोंड समाज नव्या हंगामाचा आंबा खात नाही. पेरणीपूर्वी बियाण्याची पूजा होते, ती विज्जा पंडुम. छोटा नागपूरच्या पठारावर आणि सरगुजाच्या भागात उरांव समाज सरहुल साजरा करतो. तो होईपर्यंत रानातील नवी फुले-फळे वापरायची नाहीत, असा तेथील दंडक. या रिवाजांचे कारण त्या समाजांना विचारले, तर उत्तर साधे येते : हे धान, हे फळ आधी धरणीचे, देवांचे आणि पूर्वजांचे आहे, त्यांची परवानगी घ्यायला नको का? विज्ञानाचा विद्यार्थी त्यात आणखी एक अर्थ वाचू शकतो. फळ पुरते पिकेपर्यंत हात आवरला, तर त्यातील बी परिपक्व होते. लोंबी दुधात असताना कापली नाही, तर दाणा भरतो. सर्वांनी एकाच दिवसापासून काढणी सुरू केली, तर आधी पोहोचणाऱ्याने रान ओरबाडून नेण्याचा प्रश्न उरत नाही. हे दोन अर्थ परस्परांच्या विरोधात नाहीत. श्रद्धेने जे राखले, त्याचे गणित पुढे विज्ञानाने मांडले, एवढेच.

नियम सर्वांना सारखा आहे, याचे सर्वांत देखणे दृश्य जगदलपूरच्या बस्तर दसऱ्यात दिसते. हा दसरा रावणवधाचा नाही. तो दंतेश्वरी देवीचा उत्सव आहे. हरेली अमावास्येला पाट जात्रेने त्याचा प्रारंभ होतो आणि तो सुमारे ७५ दिवस चालतो. गावागावांतील आदिवासी कारागीर लाकडाचा प्रचंड रथ घडवतात आणि गावकरीच दोरखंडांनी तो ओढतात. विजयादशमीच्या रात्री एक विलक्षण प्रकार घडतो. आदिवासी मंडळी तो रथ ‘चोरून’ शहराबाहेर कुम्हडाकोट येथे नेतात. दुसऱ्या दिवशी राजघराण्याच्या प्रमुखाला तेथे जावे लागते. तेथे देवीला नवे अन्न अर्पण होते, राजा आणि प्रजा एकत्र नवाखानी करतात, आणि मगच रथ परत येतो. या परतीच्या विधीला बाहर रैनी म्हणतात. राजाने प्रजेच्या मुक्कामी जाऊन, तिच्या पंगतीला बसून वर्षाचा पहिला घास घ्यायचा. तोवर रथ मिळायचा नाही. राज्यशास्त्राच्या पुस्तकात ज्याला लोकसंमती म्हणतात, ती येथे नव्या तांदळाच्या घासात सामावली आहे.

साखळीची तिसरी कडी गाण्याची आहे. बस्तरमध्ये सुगीच्या दिवसांत लछमी जगार होते. जगार म्हणजे रात्रीमागून रात्री गायली जाणारी दीर्घ कथा. ती गाणाऱ्या स्त्रियांना गुरुमाय म्हणतात. त्यांचे वाद्य धनकुल. मडके, त्यावर सूप आणि त्या सुपावर टेकवलेले धनुष्य, अशी त्याची रचना असते. धनुष्याच्या दांड्यावरील खाचांवर काडी घासून ताल धरतात. स्वयंपाकघरातील मडके, खळ्यावरील सूप आणि शिकाऱ्याचे धनुष्य अशा तीन ठिकाणच्या वस्तू एकत्र येऊन हे वाद्य बनते. कथेत धान हीच लक्ष्मी. जगाराच्या समारोपाच्या दिवसांत बायका वाजतगाजत शेतात जातात, धानाच्या लोंब्यांना नवरीसारखे घरी आणतात आणि नारायणाशी त्यांचा विवाह लावतात. पोथी नाही, लेखणी नाही; शेकडो ओळी गुरुमायच्या स्मरणात असतात आणि त्या एका स्त्रीकडून दुसरीकडे जातात. जगदलपूर-कोंडागाव परिसरातील हरिहर वैष्णव यांनी यांतील काही कथा लिहून, छापून जतन केल्या.

जगाराची भाषा हलबी. मराठी माणसाने ती एकदा कान देऊन ऐकावी. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात हलबीचे नमुने मराठीच्या खंडात, म्हणजे १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात, नोंदवले गेले. पुढील काळातील अभ्यासकांनी तिच्यातील ओडिया आणि छत्तीसगढीचा वाटाही दाखवून दिला. ती कोणत्या भाषेची कोण, हा वाद विद्वानांनी करावा. पण भंडारा-गडचिरोलीच्या बाजूने आलेल्या कुटुंबाला तिच्यात ओळखीचे शब्द भेटतात, हे खरे. यात नवल वाटण्याचे कारण नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा आणि विदर्भ एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. भिलाईच्या कारखान्याचा करार झाला तेव्हा येथील सरकारी कागद नागपूरलाच जात होते.

चौथी कडी दियारी तिहार. धान कापून, मळून घरात आल्यानंतर बस्तरच्या गावांत दियारी होते. तिचा दिवस प्रत्येक गाव आपला आपण ठरवते. त्या दिवशी गुरांना नव्या तांदळाची खिचडी खाऊ घालतात. वर्षभर गावाची गुरे राखणाऱ्या गुराख्याचा, ज्याला तेथे धोरई म्हणतात, त्याचा मान करतात आणि त्याला धान देतात. महाराष्ट्रातील बलुत्याची आठवण यावी अशी ही रीत. पण बलुते हा व्यवहार होता. दियारीत त्या व्यवहाराला पूजेची जोड मिळाली आहे. ज्यांच्या श्रमाशिवाय पीक घरात आले नसते, त्यांच्या ऋणाची जाहीर कबुली म्हणजे दियारी.

आणि शेवटची कडी पौष पौर्णिमेची छेरछेरा. मैदानी छत्तीसगडमध्ये ही आज आदिवासी आणि बिगर-आदिवासी अशा सर्व शेतकरी समाजांची आहे. तोवर मळणी उरकलेली असते आणि कोठ्या भरलेल्या असतात. अशा वेळी मुले, तरुण, डंडा नाचणाऱ्यांचे मेळे दारोदार जाऊन कोठीतील धान बाहेर काढायला सांगतात. या सणाची खूण अशी, की त्या दिवशी मागणारा लहान ठरत नाही. ज्याच्या घरी चार कोठ्या भरलेल्या आहेत, त्याचाही मुलगा पिशवी घेऊन निघतो आणि ज्याच्या घरी काही नाही, त्याचाही. एक दुसऱ्याच्या दारी जातो. कोणाची पिशवी गरजेची आणि कोणाची गमतीची, हे ओळखता येऊ नये, अशी ही योजना आहे. गरजवंताचे मिंधेपण झाकण्यासाठी सारा गाव एक दिवस मागणारा होतो. जमलेल्या धानातून पुष्कळदा सर्वांचे मिळून जेवण होते.

क्वार्टरच्या दारातील त्या मुलांना भिकारी समजणे का चूक, याचे उत्तर येथे मिळते. ती मुले धान मागत नसतात. ती दार उघडे ठेवण्याची आठवण देत असतात.

या दोन सणांना एकत्र ठेवले, म्हणजे आदिवासी सुगीचा सारा धर्म दोन वाक्यांत सांगता येतो. नवाखाई सांगते : आधी खाऊ नको. छेरछेरा सांगते : एकटा खाऊ नको. बाकीचे नृत्य, गाणे, ढोल, मांदर हे या दोन वाक्यांचे अलंकार आहेत.

ही वाक्ये केवळ सणापुरती नव्हती, याला इतिहासाची साक्ष आहे. १८५६ साली छत्तीसगडमध्ये दुष्काळ पडला. सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह हे बिंझवार या आदिवासी समाजाचे. लोक उपाशी होते आणि एका व्यापाऱ्याचे कोठार धान्याने भरलेले होते. नारायणसिंहांनी ते कोठार उघडून धान्य भुकेल्यांना वाटले. व्यापाऱ्याने तक्रार केली आणि इंग्रज सरकारने त्यांना अटक केली. १८५७ च्या धामधुमीत ते तुरुंगातून निसटले, सोनाखानला परतले आणि लढले. पुन्हा पकडले गेल्यावर १० डिसेंबर १८५७ रोजी रायपूर येथे त्यांना फाशी देण्यात आले. नवा रायपूरमधील क्रिकेटच्या स्टेडियमला त्यांचे नाव आहे. ते नाव मुलांना सामन्यांमुळे ठाऊक असते. त्या नावामागे एक उघडलेले कोठार आहे, हेही त्यांना ठाऊक असायला हवे. इंग्रजांच्या कायद्याने ज्याला लूट म्हटले, ते भरलेली कोठी उघडी करण्याच्या या भूमीच्या रीतीला धरूनच होते.

मराठी घरांतील मुलांनी हे सारे परक्यांचे कौतुक म्हणून ऐकू नये. कोकणात आश्विन पौर्णिमेला नवान्न पौर्णिमा म्हणतात. दाराला नव्या भाताच्या लोंब्यांचे ‘नवे’ बांधतात आणि नव्या तांदळाचा नैवेद्य दाखवल्यावर मग ते अन्न घरात वापरतात. गोव्यात हिंदू घरांत गणेशोत्सवाच्या दिवसांत नव्या कणसांची पूजा होते, तर ख्रिस्ती गावांत कोणसाचे फेस्त होते. राय गावी ५ ऑगस्टला आणि ताळगावात २१ ऑगस्टला पहिली कणसे कापून चर्चमध्ये नेतात. पालघर-डहाणूच्या वारल्यांची धान्यदेवता कणसरी. पावसाळ्याच्या आरंभी उगवणारी रानभाजीसुद्धा देवाला दाखवल्याशिवाय खायची नाही, असा त्यांचा रिवाज. मध्य प्रांतातील आदिवासींमध्ये हिंडून अभ्यास करणाऱ्या दुर्गाबाई भागवतांनी लोकजीवनाकडे आणि ऋतूंकडे पाहण्याची जी दृष्टी मराठीला दिली, ती अशाच वाटांवर घडली. नाव निराळे, देव निराळा, पंचांग निराळे; पण पहिला घास आपला नव्हे, ही जाण सर्वत्र एकच.

सागरापलीकडेही तीच जाण भेटते. उत्तर अमेरिकेतील मस्कोगी आणि चेरोकी या आदिम समाजांत मक्याचे नवे कणीस ‘हरित मका’ विधी होईपर्यंत खात नसत. त्या वेळी उपवास करीत, जुना अग्नी विझवून नवा पेटवीत आणि वर्षभरातील भांडणे, अपराध मिटवून टाकीत. नवे अन्न जुन्या वैरासह खायचे नाही, हा त्यामागील भाव. आफ्रिकेतील स्वाझी लोकांच्या इन्क्वाला उत्सवात राजा विधिपूर्वक प्रथम फळांची चव घेतो, मग प्रजेला नव्या पिकाची मुभा मिळते. कुम्हडाकोटच्या पंगतीचे हे दूरचे भावंड. या समाजांची कधी भेट झाली नव्हती. जमिनीशी आणि भुकेशी गाठ पडलेल्या माणसांना ठिकठिकाणी एकच शहाणपण सुचले.

आता या सणांसमोर उभ्या असलेल्या संकटाकडे वळले पाहिजे. सण हा पिकाच्या आधाराने जगतो. भाद्रपदात नवे खायचे, तर भाद्रपदात पिकणारे धान शेतात हवे. छत्तीसगडचा शेतकरी पूर्वी एकाच वर्षी अनेक जातींचे धान लावी : भर्री-टिकऱ्याच्या उंच जमिनीत लवकर येणारे हरुना धान, खोलगट, पाणथळ बांधांत उशिरा येणारे माई धान. एकाला पाऊस दगा देई, तर दुसरे हाती लागे. भातशास्त्रज्ञ डॉ. राधेलाल रिछारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात गावोगाव फिरून धानाचे सुमारे १९,००० नमुने गोळा केले. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात आज हा ठेवा शीतगृहात जपलेला आहे. प्रत्येक नमुन्याला शेतकऱ्यांनीच दिलेले नाव आहे. कुठे रंगावरून, कुठे वासावरून, कुठे दाण्याच्या आकारावरून.

शीतगृहातील बी सुरक्षित असते, पण ते सण साजरा करू शकत नाही. आज बहुतेक बांधांत भरघोस उतारा देणारे मोजकेच वाण लावले जातात. ते सारे एका वेळी पिकतात आणि थेट खरेदी केंद्रावर जातात. सरकार क्विंटलला ३,१०० रुपये भाव आणि एकरी २१ क्विंटलपर्यंत खरेदी देत असताना शेतकऱ्याने जुने, कमी उताऱ्याचे धान लावावे, असा उपदेश शहरात राहणाऱ्याने करणे शोभत नाही. त्याच्या मुलांच्या शाळेची फी त्याच धानातून भरायची असते. पण परिणाम नजरेआड करून चालणार नाही. ज्या गावात लवकरचे धान कोणीच पेरत नाही, तेथे नवाखाईला लोंबी कोठून यायची? मग शेजारच्या गावातून चार लोंब्या मागून आणाव्या लागतात, किंवा तिथीचा मान राखण्यासाठी जुनाच तांदूळ नवा मानावा लागतो. सण नावाला उरतो आणि त्याचा प्राण असलेले बी निघून जाते.

दुसरे संकट शाळांच्या अगदी जवळचे आहे. त्याची कबुली शाळेच्याच व्यासपीठावरून दिलेली बरी. ठिकठिकाणच्या स्नेहसंमेलनांत ‘आदिवासी नृत्य’ हा हुकमी टाळ्यांचा कार्यक्रम असतो. मुलांना कागदी पानांचे घागरे घालतात, तोंडाला काळा रंग फासतात, डोक्याला पिसे खोवतात आणि भाले नाचवायला लावतात. त्या पेहरावाचा गोंडांशी संबंध नसतो, हलबांशी नसतो, उरांवांशीही नसतो. आणि बहुधा त्याच सभागृहात एखादा गोंड किंवा हलबा विद्यार्थी बसलेला असतो. त्याच्या आजीने नवाखाईच्या दिवशी त्याला पहिला घास भरवलेला असतो. रंगमंचावर जे चालले आहे ते आपले म्हणून मान्य करावे की मान खाली घालावी, हे त्याला कळत नाही. ज्यांच्याकडून साऱ्या वर्गाला काही शिकता आले असते, त्यांनाच गप्प बसवण्याचा हा प्रकार आहे. हे थांबवायला कोणत्याही अनुदानाची गरज नाही.

त्याजागी काय करता येईल? मोठ्या योजना नकोत. चार लहान गोष्टी पुरेत. शाळेच्या आवारात दहा हात लांबीचा एक वाफा धानासाठी राखावा. लवकर येणारा एक देशी वाण त्यात लावावा. रोवणी कधी झाली, लोंबी कधी निसवली, दाणा कधी भरला, याची नोंद मुलांनी मराठीतून ठेवावी. पहिली लोंबी आली की ज्या घरांत नवाखाई होते, तेथील एखाद्या आजीला सन्मानाने बोलवावे आणि तिला बोलू द्यावे. गोंडीत, हलबीत, छत्तीसगढीत, जशी येईल तशी. तिने सांगितलेला प्रत्येक शब्द वहीत उतरावा. लोंबी, पळंज, खळे, उफणणे, रास हे मराठी शब्दही त्याच वहीत शेजारी लिहावेत, कारण तेही नगरातील मुलांच्या तोंडून निसटत चालले आहेत. बी राखण्याइतकेच शब्द राखणे हेही शाळेचे काम आहे.

आणि चौथी गोष्ट घरी करायची आहे. येत्या पौष पौर्णिमेच्या आधी बाजारातून किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून दोन शेर धान आणावे. तांदूळ नको, सालासकट धान, जे पेरले तर उगवते. ते सुपात घालून दाराशी ठेवावे. हाक आली की घरातील लहान मुलाच्या हातून ओंजळभर घालावे. जमल्यास त्याच मुलाला पिशवी देऊन त्या टोळीबरोबर चार घरे फिरू द्यावे. आपल्या मुलाने दुसऱ्याच्या दारी मागितले, याची लाज वाटू देऊ नये. घेण्याचा आणि देण्याचा धडा त्याला एकाच सकाळी मिळेल. वर्गातील कोणत्याही तासाला तो इतक्या थोडक्यात शिकवता येत नाही.

धानाचा एक जुना वाण आहे. सुमारे साठ दिवसांत तो पिकतो म्हणून त्याला साठी म्हणतात. संस्कृत वैद्यकग्रंथांत तो षष्टिक नावाने येतो. हीरक महोत्सव म्हणजे शाळेचीही साठीच. साठ दिवसांत पिकणारे धान पहिली लोंबी देवापुढे, दुसरी शेजाऱ्यापुढे आणि काही दाणे पुढच्या पेरणीसाठी बाजूला ठेवायला सांगते. साठ वर्षांत या शाळेतून मराठी शिकून गेलेल्यांच्या कोठ्या आज भरलेल्या आहेत. कोणाची विद्येची, कोणाची अनुभवाची, कोणाची धनाची. दाराशी पिशवी घेऊन मुले उभी आहेत. त्यांची हाक ओळखावी, एवढीच या प्रसंगी विनंती.